साष्टीचा डोंगर आणि आपली सूर्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



डोंगराळ बेट म्हटले की भूगोलाच्या पुस्तकात भूमध्य समुद्रातील कॉर्सिकाचे नाव येते. नेपोलियनचे ते जन्मस्थान. त्याचे सर्वांत उंच शिखर २,७०६ मीटर आहे. तेथे उन्हाळा कोरडा जातो, आणि हिवाळ्यातले पाऊस व बर्फ डोंगर साठवून ठेवतो. पण डोंगराळ बेट पाहण्यासाठी आपल्याला इतके दूर जायला नको. बोईसर स्टेशनावरचे साधे तिकीट पुरे!

नायगाव मागे पडले की गाडी वसईच्या खाडीवरच्या पुलावर चढते. पलीकडे भाईंदर लागले की आपण साष्टी बेटावर आलो. मुंबईची उपनगरे याच बेटावर वसली आहेत. दाट वस्तीमुळे हे बेट आहे याचाच आपल्याला विसर पडतो. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि मधोमध काळ्या दगडाचा डोंगर. त्याचा माथा सुमारे ४६८ मीटर, म्हणजे दीड हजार फूट उंच. त्यावर साग, ऐन, पळस यांचे रान आहे, बिबट्या आहे, आणि आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी आहे. वारल्यांच्या कुडाच्या भिंती ज्या कारवीच्या, तीच ही.

या डोंगराने बेटाला पाणी दिले. कान्हेरीच्या लेण्यांत शंभराहून अधिक गुंफा आहेत, आणि गुंफांच्या जवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तेथील जुन्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढायचे, हे त्या भिक्षूंना उमगले होते. पुढे इंग्रजांनीही याच डोंगरात १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधले. मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्या या डोंगररांगेतूनच निघतात.

पण शहर वाढत गेले आणि डोंगराचे पाणी पुरेनासे झाले. नद्यांचे नाले झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीला पसरायला जागाच उरली नव्हती. पाणी घराघरांत शिरले. म्हणजे पावसाळ्यात पाणी अंगावर येते आणि प्यायला मात्र खाडीपलीकडून आणावे लागते, अशी त्या बेटाची स्थिती झाली. १८९२ मध्ये तानसा झाले, नंतर वैतरणा आणि भातसा.

आणि आता पाळी आपल्या सूर्येची आहे. धामणीचे धरण मुळात आपल्या डहाणू-पालघर भागातील शेतीच्या सिंचनासाठी. त्यातून दररोज ४० कोटी ३० लक्ष लिटर पाणी शहरांना देण्याची योजना आखली गेली. पैकी २१ कोटी ८० लक्ष मीरा-भाईंदरचे, म्हणजे साष्टी बेटाचे, बाकीचे वसई-विरारचे.

भगिनींनो, तेथल्या नळाशी उभी असलेली बाईही आपलीच बहीण आहे. तिला पाणी मिळू नये असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु चैत्र-वैशाखात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर डोईवर हंडे घेऊन चालणारी बाईही बहीणच ना? घरात पाहुण्याला वाढताना आपण पातेल्यात किती उरले हे पाहतोच. तोच हिशेब धरणाचाही मागायला हवा, आणि तो ग्रामसभेत बायकांनी मागायला हवा. पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत आपल्याकडेच असते.

साष्टीच्या डोंगराने आपल्याला एक धडा दिला आहे. घरचे पाणी सांभाळले नाही, की दुसऱ्याच्या दारी जावे लागते. सालवडात विहिरी बुजवून वर घरे बांधण्यापूर्वी, ओढ्यात कचरा लोटण्यापूर्वी, हे आठवावे. या पावसाळ्यात प्रत्येकीने आपल्या पागोळ्यांचे पाणी विहिरीकडे वळवावे. इतके झाले तरी मंडळाचे हे वर्ष सार्थकी लागेल.