प्रकाशाचा सांधा
(आकाशवाणीवरील भाषण)



हे भाषण ऐकण्यासाठी आपल्यापैकी ज्यांनी जुन्या घडणीच्या रेडिओचे बटण फिरवून काटा मुंबई केंद्राच्या 558 किलोहर्ट्झच्या खुणेवर आणला असेल, त्यांनी आजच्या विषयाचे निम्मे मर्म माझ्याआधीच हस्तगत केले आहे. घराच्या भिंतींतून आरपार जाणाऱ्या असंख्य रेडिओलहरींपैकी नेमकी एक आत घ्यावी आणि इतर सर्वांना उंबऱ्याबाहेर थोपवून धरावे, हे काम त्या बटणामागे एकमेकींत शिरणाऱ्या धातूच्या अर्धवर्तुळाकार चकत्या करीत असतात. चकत्या किंचित सरकल्या की मुंबईच्या जागी दुसरेच केंद्र बोलू लागते. अशीच निवड प्रकाशाच्या बाबतीत करणारी, मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशी यंत्रे आज दूरसंचाराच्या कारभारात रुजू झाली आहेत, आणि त्यांची ओळख आपल्याला करून द्यावी, हा माझा आजचा हेतू आहे.

मी डोंबिवलीचा रहिवासी. म्हणून दळणवळणाचा विचार मनात आला की प्रथम रेल्वेच डोळ्यांपुढे उभी राहते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी 1 मे रोजी हा मार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला, आणि तेव्हापासून कसाऱ्याची व कर्जतची वाट जिथे वेगळी होते त्या कल्याणच्या सांध्यावर आमच्या साऱ्या प्रांताचे जीवन अवलंबून राहिले. रुळांचा एक नियम मात्र कोणालाही मोडता आला नाही: एका जागी, एका वेळी, एकच गाडी. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, जाणाऱ्या प्रकाशाला हा नियम लागू नाही. वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे आपल्या साध्या बोलीत वेगवेगळ्या रंगांचे, ऐंशी-नव्वद प्रकाशकिरण एकाच तंतूतून एकाच वेळी धावतात, आणि एकाचा दुसऱ्याला उपद्रव होऊ नये अशी तजवीज करता येते.

हे रंग डोळ्यांना दिसणारे नव्हेत. 1530 ते 1565 नॅनोमीटर हा अवरक्त पट्टा त्यांच्यासाठी मुक्रर झाला, कारण तिथे काच प्रकाशाला सर्वांत कमी अडवते. किती कमी, ते आमच्याच मार्गावर मोजून सांगतो: ठाण्याहून निघालेला असा किरण सुमारे 15 किलोमीटरवरच्या डोंबिवलीला पोहोचतो, तेव्हा त्याची निम्मी शक्ती अजून शिल्लक असते. पुढे तो क्षीण होत जातो, हे खरे. परंतु 1987 च्या सुमारास इंग्लंडातील साउदॅम्प्टन विद्यापीठात एर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या तंतूने सर्व रंगांना एकदमच बळ देण्याची युक्ती साधली, आणि एका तंतूत अनेक रंग भरणे व्यवहारात परवडू लागले.

मात्र रंग एकत्र पाठवले तरी मुक्कामी ते वेगळे काढावे लागतात. शेजारच्या दोन रंगांतले अंतर 0.8 नॅनोमीटर, पुष्कळदा त्याच्याही निम्मे. इतक्या बारीक फरकाने एकालाच वाट द्यायची आणि बाकीच्यांना परतवायचे, तर सांधा कसला हवा? त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फाब्री आणि पेरो या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी देऊन ठेवले होते. दोन आरसे समोरासमोर, अगदी समांतर ठेवा. त्यांच्यामधल्या पोकळीत ज्या लहरीच्या अर्ध्या लांबीच्या पूर्ण पटी नेमक्या मावतात तीच लहर पलीकडे जाते, इतर माघारी फिरतात. आता आरशांतले अंतर बदलता आले की निवडलेला रंगही बदलतो. रेडिओच्या चकत्यांचे हेच तत्त्व. फरक इतकाच की या प्रकाशाची कंपने आपल्या 558 किलोहर्ट्झच्या सुमारे 35 कोटी पट आहेत. पोकळीत एकच अर्धी लहर मावते अशी आदर्श रचना धरली, तर एका रंगावरून शेजारच्या रंगावर जाण्यासाठी आरसा 0.4 नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे दोन लाखांवा भाग, सरकला की पुरे. प्रत्यक्ष उपकरणांत ही सरक याहून अधिक असते. परंतु कोणत्याही स्क्रूने वा दात्यांच्या चाकाने ती साधणारी नव्हे.

म्हणून हा आरसा बोटांनी बसवलेला नसतो. तो सिलिकॉनसारख्या स्फटिकाच्या चकतीवर थरांवर थर चढवून जागच्या जागी घडवलेला असतो. आमच्याकडे इमारतीचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग बांधतात, काँक्रीट घट्ट झाले की ते काढून घेतात आणि छत अधांतरी उभे राहते. इथेही तसेच: मधला एक थर केवळ आधारापुरता घालतात, वरचा आरसा सिद्ध झाल्यावर रसायनाने तो आधाराचा थर विरघळवून टाकतात, आणि आरसा बारीक पट्ट्यांच्या आधारे हवेत तरंगत राहतो. वरच्या व खालच्या भागांत विद्युद्दाब दिला की विरुद्ध प्रभारांच्या ओढीने आरसा खाली येतो. दाब काढला की पट्ट्यांच्या लवचिकपणाने तो पूर्वस्थळी जातो. या ओढीला एक हद्द आहे. मूळ अंतराच्या एक-तृतीयांशापेक्षा आरसा अधिक खाली आला की लवचिकपणा हरतो, विजेची ओढ जिंकते, आणि आरसा खालच्या भागावर जाऊन आदळतो. तेव्हा सारे कौशल्य या एक-तृतीयांशाच्या आत राहून काम उरकण्यात आहे.

याच दोन आरशांमध्ये प्रकाश निर्माण करणारा अर्धवाहकाचा थर ठेवला, की रंग निवडणाऱ्या या गाळणीचाच लेझर होतो. जपानात केनिची इगा यांनी 1977 साली चकतीच्या पृष्ठभागातून सरळ वर प्रकाश टाकणाऱ्या लेझरची कल्पना मांडली. पुढे 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात कॉनी चांग-हॅस्नेन यांच्या चमूने त्याचा वरचा आरसा एका लवचिक भुजेवर टांगून रंग बदलणारा लेझर घडवला. त्याचे व्यावहारिक मोल मोठे आहे. ऐंशी रंगांसाठी ऐंशी जातींचे लेझर, आणि प्रत्येकाचा एक शिलकी नग कोठारात, हा बंदोबस्त खर्चिक होता. हवा तो रंग धारण करणारा एकच जिन्नस हाताशी असला की निकामी झालेल्या कोणत्याही लेझरच्या जागी तो तैनात करता येतो.

हे सारे आपल्यापासून दूर आहे, असे कृपा करून समजू नका. भारतातील दूरध्वनी केंद्रांना जोडणारा पहिला ऑप्टिकल फायबर 1979 साली आपल्या पुण्यात कामाला लागला. आज काचेचा तो तंतू छत्रपती संभाजीनगरात तयार होतो. आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर, जिथे एके काळी रसायनांच्या कारखान्यांचीच वस्ती होती, तिथे ऐरोली, रबाळे, महापे या गावांच्या परिसरात अहोरात्र माहिती साठवणारी व पाठवणारी विशाल केंद्रे उभी आहेत. परंतु त्यांच्यात बसणारे हे सूक्ष्म आरसे आणि लेझर बहुतांशी परदेशांतून येतात. रूळ आपले आणि सांधा परका, ही स्थिती मला मनापासून खटकते.

ती पालटण्याची साधने मात्र जवळच आहेत. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे, आणि तिथून थोड्याच अंतरावर ठाण्याची वागळे इस्टेट आहे, जिथे 1962 साली राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने आपल्या कार्याचा आरंभ केला. या वसाहतीतल्या लेथवरचा अनुभवी कारागीर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक हाताच्या सवयीने ओळखतो. त्या हाताच्या काटेकोरपणाला पवईच्या शास्त्राची जोड मिळाली, तर त्याच घरातली पुढची पिढी नॅनोमीटरच्या हिशेबाने आरसे टांगू लागेल. कल्याणचा सांधा आपल्या पूर्वजांनी घाम गाळून घातला. प्रकाशाचा सांधा घालणारी मुले-मुलीही याच गावांतून निघावीत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.