पगाराच्या तारखेचा सावकार
(विहाराच्या वर्धापन दिनी गोरेगाव येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्धवट सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. आमच्या बोलण्यात विद्वत्ता नसेल, पण हिशोब पक्का असेल. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, कर्जावर बोलू द्या. आपल्या वस्तीत कितीतरी घरांत पगार हातात पडण्याआधीच संपलेला असतो. सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत मात्र कोणी नाही.

हे दुखणं जुनं आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत पूर्वी पगार महिन्याने मिळे, आणि तोही पुढच्या महिन्याच्या दहा-बारा तारखेनंतर. तोपर्यंत खायचं काय? मग उधारी आली आणि उधारीमागून व्याज आलं. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजावर सावकार उभा असायचा. तो कुठल्या एका जातीचा नव्हता. पठाण होता, वाणी होता, नोकरीला लावणारा जॉबर होता, चाळीतला दादाही होता.

१९२९ साली सरकारने व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयी रॉयल कमिशन नेमले. १९३१ च्या अहवालात त्यांनी लिहिले की, बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. रुपयाला महिन्याला एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर होता. म्हणजे वर्षाला शेकडा ७५! वसुलीसाठी कामाच्या जागेभोवती घिरट्या घालणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस कमिशनने केली. पुढे १९३६ साली पगाराचा कायदा झाला आणि सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत पगार देण्याचे बंधन मालकावर आले.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या वडिलांच्या पिढीने तेव्हा भांडी गहाण टाकली, मंगळसूत्रं मोडली. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. सावकार मात्र बंद पडला नाही. आज तो कंत्राटी सफाई कामगाराच्या, वॉचमनच्या, घरकाम करणाऱ्या बहिणीच्या दारात आहे, आणि मोबाईलमधून थेट खिशातही आला आहे.

आता हिशोब करू. समजा, वस्तीतल्या सावकाराकडून १०,००० रुपये घेतले, महिना दहा टक्क्यांनी. दर महिन्याला १,००० रुपये व्याज. दहा महिन्यांत १०,००० दिले, तरी मुद्दल १०,००० तसेच! रुपयाला एक आणा म्हणजे महिना सव्वासहा टक्के. शंभर वर्षांपूर्वीचा सावकार यापेक्षा बरा म्हणायचा.

मोबाईलवरच्या कर्जाचं बघा. कागदावर ५,०००, हातात ३,५००, बाकी फी म्हणून कापले. सात दिवसांनी भरायचे पूर्ण ५,०००. म्हणजे साडेतीन हजारांवर आठवड्याचं भाडं दीड हजार. ते जमत नाही म्हणून दुसऱ्या अ‍ॅपचं घ्यायचं, मग तिसऱ्याचं. आणि थकलं की नातेवाइकांना फोन, शिव्या, फोटोंची बदनामी. कर्ज थोडं असतं, पण माणूस लाजेने खचतो. सावकाराचं खरं तारण म्हणजे आपली ही लाज. म्हणून ज्यांचं कर्ज थकलेलं आहे, त्यांना आम्ही पाच गोष्टी सांगतो.

पहिली : सगळं कागदावर लिहा. कुणाकडून, किती घेतले, हातात किती आले, आजवर किती भरले. आणि घरात सांगा. नवऱ्याने बायकोपासून, बायकोने नवऱ्यापासून लपवू नये.

दुसरी : पगारातून आधी रेशन, घरभाडं, औषध आणि मुलांची फी. राहिलेल्यातून कर्ज. जुनं फेडायला नवं घेऊ नका. दर महिन्याला एवढेच झेपेल, असे लेखी कळवा. जे भराल त्याची पावती घ्या. कोऱ्या चेकवर सही करू नका, एटीएम कार्ड कुणाकडे ठेवू नका. चेक परत गेला तर फौजदारी खटला होऊ शकतो, आणि कोर्टाचा समन्स आला तर हजर राहावंच लागतं.

तिसरी : कायदा बघा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच वर्षी सरकारने शेतकरी नसलेल्यांच्या विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के दर ठरवून दिला. म्हणजे दहा हजारांवर महिन्याला १५० रुपये, हजार नव्हे! चक्रवाढ लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची.

चौथी : कंपनीचं किंवा अ‍ॅपचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात. २०२२ पासून वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, घरच्यांना-मित्रांना छळायचं नाही. अ‍ॅपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो बघायचा अधिकार नाही. पैसे घेण्याआधी वर्षाचा एकूण खर्च किती, हे सांगणारा कागद मिळालाच पाहिजे. धमकी, बदनामी झाली तर मेसेज पुसू नका. ते पुरावा आहेत. पोलीस ठाण्यात जा, १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

पाचवी : नुसतं देणं थकलं म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. प्रामाणिकपणे फेडण्याची ऐपतच नसेल तर कैद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे. पगारावर जप्ती आली तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. प्रॉव्हिडंट फंडालाही नाही. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. आपल्यातले बहुतेक जण यात बसतात.

कर्ज बुडवा, असं आम्ही सांगत नाही. घेतलेलं मुद्दल आणि कायद्यातलं व्याज फेडलं पाहिजे. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखं सांगितली, त्यात कुणाचं देणं नसणं हे एक सुख आहे. पण लुटारूच्या व्याजापुढे मान तुकवणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे.

एकट्याने हे होत नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवा. कामगार पैसे देणार पगाराला, तोवर त्या वाण्याकडून उधारीवर, व्याजावर धान्य आणायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायकांनी गट केले, एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवलं. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हतं, त्यांनी एकमेकींचा शब्द तारण ठेवला. गिरणीगिरणीत कामगारांच्या पतपेढ्या होत्या, त्याही याच विचारावर उभ्या राहिल्या.

म्हणून या वर्धापन दिनी आमची एकच सूचना आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात एक वही आणि दोन लिहिता-वाचता येणारी तरुण पोरं बसवा. ज्याचं कर्ज थकलंय त्याने यावं, हिशोब मांडावा, अर्ज लिहून घ्यावा. निबंधकाकडे किंवा पोलीस ठाण्यात जायचं तर सोबत चार माणसं जातील. त्याचं नाव वहीबाहेर जाणार नाही, आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. पुढच्या वर्धापन दिनी या वहीतली किती खाती मिटली, ते व्यासपीठावरून जाहीर व्हावं.

येत्या रविवारपासून बसायला आम्ही तयार आहोत.