सामाईक नोंदींचा खर्च कोणी करावयाचा?



यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींत जनुके जवळजवळ तीच असतात. तरीही दोघींची कामे निराळी, कारण कोणते प्रथिन कोठे व किती तयार व्हावयाचे हे पेशीगणिक बदलते. रोगात बिघडते तेही पुष्कळदा हेच प्रमाण. ते मोजणारी यंत्रे मात्र सामान्य प्रयोगशाळेच्या ऐपतीबाहेरची आहेत. त्यामुळे एकाने केलेली मोजमापे इतरांना खुली असणे हा औदार्याचा विषय नव्हे. ज्यांच्याजवळ यंत्र नाही त्यांना संशोधन करता येईल की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

मे २०१४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात मानवी प्रथिनांचे दोन नकाशे प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स यांच्या सहकार्यातून निघाला होता. तीस प्रकारच्या नमुन्यांत १७,२९४ जनुकांची प्रथिने सापडल्याचे त्यात म्हटले होते. दुसरा म्युनिकचा, त्याची बरीच सामग्री इतरांनी आधीच खुल्या केलेल्या नोंदींतून घेतलेली. दोहोंचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

परंतु कच्च्या नोंदी सार्वजनिक असल्यामुळे त्याच वर्षी स्पेनमधील संशोधकांनी त्या पुन्हा तपासल्या. वास ओळखणारी प्रथिने मुख्यतः नाकातील पेशींत असतात. दोन्ही नकाशांत ती मोठ्या संख्येने सापडल्याची नोंद होती, आणि नाकाचा नमुना तर कोणीच घेतलेला नव्हता! अर्थात ओळख पटविण्यातच चूक होती. २०१५ मध्ये म्युनिकच्या गटाने इतरांसह अशा चुका मोजण्याची सुधारित पद्धत मांडली. हीच मोजमापे एखाद्या औषध कंपनीच्या कपाटात असती, तर ही चूक कोणास दिसली असती?

एवढे असूनही संग्रह सांभाळण्यास पैसा मिळविणे कठीणच असते. नव्या शोधाला अनुदान मिळते. नमुना कोणत्या अवयवाचा, कोणत्या आजारातला, हे वर्षानुवर्षे नीट लिहून ठेवणाऱ्यांच्या पगाराची आठवण शेवटी होते. अमेरिकेच्या सरकारी संस्थेने चालविलेला ‘पेप्टिडोम’ हा असाच संग्रह २०११ मध्ये पैशाअभावी बंद पडला. त्यातील नोंदी इंग्लंडमध्ये हिंक्स्टन येथील ‘प्राइड’ या संग्रहात, स्वरूप बदलून, हलवाव्या लागल्या. त्या वाचल्या, कारण तेथे सार्वजनिक पैशावर चालणारा दुसरा संग्रह उभा होता.