हाताला काम तेवढीच किल्ली



उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी पुरेसे उतरले की आपल्या पळसदेवच्या पळसनाथाच्या मंदिराचे शिखर वर येते. धरण झाले आणि जुने गाव पाण्याखाली गेले. ज्यांची जमीन गेली, त्यांना कागदावरच्या एका ओळीची किंमत मी काय सांगणार? म्हणून आजचा विषय सातबाऱ्यापासूनच सुरू करतो. सातबारा आता संगणकावर आहे, आणि एकाच संगणक-प्रणालीत अनेक माणसे शिरतात. कोणाच्या हाती काय द्यायचे, हे कसे ठरवावे?

खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदले जाते आणि त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून तलाठ्याकडे येते. तलाठी फेरफार धरतो, म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. मग मंडल अधिकारी, म्हणजे आपले सर्कल, आपल्या लॉगिनने ती नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. लिहिणारा मंजूर करत नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, तसेच हे.

आता तुमच्या हातातला मोबाईल घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि ऊस की मका ते नोंदवतो. पूर्वी हे काम तलाठ्याचे होते. पण या किल्लीने गाव नमुना बाराचेच, म्हणजे पिकांच्या नोंदीचेच दार उघडते. मालकाचे नाव असलेल्या नमुना सातला तिचा हात लागत नाही. विश्वास पूर्ण आहे, अधिकार मात्र कामापुरता आहे.

हा विचार जुना आहे. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने अनेकांनी एकाच वेळी वापरायचा संगणक चालवून दाखवला. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आला. पुढे एकदा दोघा व्यवस्थापकांनी एकाच वेळी दोन फायली दुरुस्तीला घेतल्या, त्यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. पूर्ण अधिकाराची माणसे कामाला लागली की चूकही सगळ्यांना भोवते. १९७५ साली साल्त्झर आणि श्रोडर यांनी सूत्र मांडले: प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार असावा.

लिनक्ससारख्या प्रणालीत हे सूत्र लॉगिनच्या क्षणी अमलात येते. लॉगिनचा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याच्याकडे 'रूट'चे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तो नाव आणि पासवर्ड तपासतो. मग तुम्ही कोणत्या गटांत आहात ते लावतो आणि शेवटी तुमचा वापरकर्ता-क्रमांक धारण करून आपले अधिकार सोडून देतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. क्रमांक आधी बदलला, तर गट बदलायचा अधिकारच उरत नाही आणि सर्वाधिकाऱ्याचे गट तुमच्या अंगाला चिकटून राहतात. अधिकार सोडायलाही शिस्त लागते.

म्हणून पतसंस्था, दूध संस्था, शाळा, जिथे जिथे संगणक आहे तिथल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. अधिकार माणसाच्या नावाला चिकटवू नका, कामाच्या गटाला द्या. माणूस बदलीवर गेला की त्याला गटातून काढा. रोजच्या कामासाठी सर्वाधिकाऱ्याचे लॉगिन वापरू नका. आणि 'साहेब नाहीत, हा घ्या पासवर्ड' ही सवय आजपासून सोडा. प्रणाली लॉगिन ओळखते, चेहरा ओळखत नाही. उसन्या लॉगिनने कोणी चुकीची नोंद केली, तर दप्तरात नाव ज्याचे लॉगिन त्याचेच उरते. शिवाय दोन किल्ल्या एकाच खिशात गेल्या की हरकतीच्या पंधरा दिवसांनाही अर्थ उरत नाही.

इथे बसलेल्या अनेकांच्या घरी पाण्याखाली गेलेल्या शेताची आठवण आहे. पाणी उतरले की बांध पुन्हा दिसतो, पण तो कोणाचा होता हे पाणी सांगत नाही, दप्तर सांगते. त्या दप्तरावर कोणाचा हात कुठवर पोहोचावा, हे नीट ठरवणे हीसुद्धा गावाची राखण आहे.