कोयरीचे टोक : गिटारवरील जडावकाम आणि भोसरी-चाकणची टूलरूम

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाला गिटारवरील जडावकाम हा विषय असावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी खटकण्याजोगी आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून, १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमधून, थेट चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत या पट्ट्याची जी ओळख घडत गेली, तिच्यात औषधे, स्कूटर, ट्रक, डाय आणि मोल्ड यांना स्थान आहे, तंतुवाद्याला नाही. परंतु जडावकाम म्हणजे नेमके काय, हे नीट मांडले की ही विसंगती बरीचशी विरते. एका पदार्थाच्या पृष्ठभागात ठरावीक आकाराची व खोलीची खाच कोरायची आणि तिच्यात दुसऱ्या पदार्थाचा त्याच आकाराचा तुकडा असा बसवायचा की वरून बोट फिरवले असता सांधा लागू नये, एवढीच या कामाची व्याख्या आहे. म्हणजे ते आधी फिटिंगचे काम आहे आणि मग सजावटीचे. फिटिंग हा तर भोसरीच्या प्रत्येक टूलरूमचा, म्हणजे साचे व हत्यारे घडवणाऱ्या विभागाचा, रोजचा व्यवसाय आहे. या पट्ट्याजवळ मापाचे ज्ञान आहे आणि तंतुवाद्ये घडवणाऱ्या मिरजेजवळ रेषेचे व लाकडाचे ज्ञान आहे. ही दोन ज्ञाने एकमेकांना अपरिचित राहिली, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन होय.

जडावकाम गिटारच्या फ्रेटबोर्डवरच, म्हणजे ज्या पट्टीवर बोटे दाबून स्वर काढले जातात तिच्यावरच, एवढे का फुलले याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने दांडीला बांधलेले असतात आणि रागानुसार ते सरकवता येतात, त्यामुळे पडद्यांखालच्या जागेवर कायमची खूण करण्यात अर्थ नसतो. तानपुऱ्याला पडदेच नसल्याने त्याची दांडी आरंभापासून सजावटीला मोकळी राहिली. गिटारच्या धातूच्या पट्ट्या मात्र लाकडात कापलेल्या फटींत ठोकून पक्क्या केलेल्या असतात, त्यांच्या जागा बदलत नाहीत, आणि म्हणून तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या व बाराव्या घरात शिंपल्याचे ठिपके बसवून वादकाच्या नजरेला आधार देण्याची रूढी पडली. बाराव्या पट्टीपाशी तारेची निम्मी लांबी होते आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो, म्हणून तेथे बहुधा दोन ठिपके असतात. शोभेच्या वेली, पक्षी आणि नावे या खुणांमधून पुढे आली. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९३३ मध्ये जीन ऑट्री या गायक-नटासाठी बनवलेल्या पहिल्या डी-४५ गिटारच्या फ्रेटबोर्डवर त्याचे नाव शिंपल्याच्या अक्षरांत जडवले. पॉल रीड स्मिथ यांच्या कंपनीने १९९२ मध्ये काढलेल्या ‘ड्रॅगन’ गिटारवरील सर्पाकार प्राणी २०१ तुकड्यांचा होता. अशा कामाचे कौशल्य निर्विवाद आहे. तथापि जेथे तिसरे घर कोणते आणि पाचवे कोणते हेच वादकाला दिसेनासे होते, तेथे सजावट आपल्या मूळ कामापासून फारकत घेते, असे म्हणणे भाग आहे.

महाराष्ट्रात या कलेचा सर्वांत जवळचा आप्त मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार लावणे व ती घडवणे हा ज्यांचा परंपरागत धंदा होता त्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांनी पटवर्धन संस्थानच्या आश्रयाने तंतुवाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे घडवण्यास आरंभ केला, आणि सतारमेकर हे त्या घराण्याचे नावच होऊन बसले. तलवारींची मागणी ओसरल्यावर धातूवर बसलेला हात लाकडाकडे वळला, ही घटना या पट्ट्याने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तूण जातीच्या लाकडाची दांडी, पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा भोपळा, दोहोंच्या सांध्यावर कोरलेली लाकडी पाने, तबलीच्या म्हणजे वरच्या पातळ फळीच्या कडेने फिरणारी पांढरी किनार आणि त्या किनारीवर टोकदार हत्याराने रेघा ओढून त्यांत रंग भरलेली वेलबुट्टी, हा मिरजेच्या तानपुऱ्याचा परिचित साज होय. वारकऱ्यांच्या दिंडीत वीणेकऱ्याच्या खांद्यावर असणारी वीणादेखील मिरजेत घडते. देहू आणि आळंदी या दोन्ही तीर्थांच्या मध्ये वसलेल्या कारखान्यांच्या पट्ट्याला तंतुवाद्य परके आहे, हे विधान त्यामुळे अर्धेच खरे ठरते. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट स्थळाशी निगडित मालाचे कायदेशीर नाव, प्राप्त झाले.

पूर्वी ही पांढरी किनार हस्तिदंताची असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यात १९८६ व १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्या आणि आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय बंदी यांमुळे हस्तिदंत कारागिराच्या हातून गेला आणि त्याची जागा सेल्युलॉइड व तत्सम प्लॅस्टिकने घेतली. या बदलाकडे ऱ्हास म्हणून पाहण्याची सवय अनेक लेखकांना आहे, पण ती तपासून पाहावी लागते. कारण किनारीचे सौंदर्य तिच्यावरील रेघेच्या जोरात व वळणात असते, आणि ती रेघ ओढणारा हात जुनाच राहिला. ऱ्हास झालाच असेल तर तो पदार्थात झाला नसून सजावटीच्या प्रमाणात झाला आहे. रविशंकर यांच्या पद्धतीची सतार नखशिखान्त सजवण्याचा, तर विलायत खाँ यांच्या पद्धतीची सतार बरीच साधी ठेवण्याचा प्रघात आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी शोभतात. मात्र निर्यातीच्या ओढीने कोणत्याही वाद्यावर जागा दिसेल तेथे फूल चिकटवण्याचा जो प्रकार बाजारात आढळतो, त्याला परंपरेचा आधार देता येत नाही.

मुंबईचा वारसाही येथे नोंदवला पाहिजे. इराणमधून सुरतेस आणि तेथून मुंबईस आलेल्या सादेली नावाच्या कामात कथिल, हस्तिदंत, शिंग, आबनूस आणि चंदन यांच्या तिकोनी व षट्कोनी बारीक काड्या एकत्र बांधून चिकटवीत, त्या मोळीचे आडवे पातळ काप घेत आणि ते काप पेटीवर बसवीत. प्रत्येक कापावर काड्यांच्या टोकांची एकच नक्षी उमटे. अशा पेट्या एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने परदेशी गेल्या. स्पॅनिश गिटारच्या मधल्या छिद्राभोवती जे रंगीत कडे असते, तेही नेमक्या याच रीतीने, रंगीत लाकडी काड्यांच्या मोळीचे काप घेऊन करतात. गिटारची सजावट ही पाश्चात्त्य आयात असल्याचे गृहीत धरणाऱ्यांनी मुंबईच्या त्या पेटीची कड भिंगाखाली पाहावी.

आता मूळ प्रश्न, म्हणजे यंत्र आणि हात यांच्यामधील सीमारेषेचा. पहिली अडचण कोपऱ्याची आहे. संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या ज्या उभ्या मिलिंग यंत्राला या भागात सर्वजण व्हीएमसी म्हणतात, त्याचा कटर फिरता असतो, आणि फिरता कटर आतल्या बाजूचा टोकदार कोपरा कधीही कापू शकत नाही. तो कोपरा कटरच्या त्रिज्येइतका गोल राहतो. ०.८ मिलिमीटर व्यासाचा कटर घेतला तर त्याची त्रिज्या ०.४ मिलिमीटर होते, आणि काटकोनी कोपऱ्यात सुमारे ०.१७ मिलिमीटर लाकूड न कापता उरते, जे चालून जाण्याजोगे आहे. परंतु महाराष्ट्रातील पैठणीपासून रांगोळीपर्यंत सर्वत्र दिसणारी कोयरी घेतली आणि तिचे टोक ३० अंशांचे धरले, तर याच कटरने त्या टोकापाशी सुमारे १.१५ मिलिमीटर जागा न कोरता उरते. कोयरीचे सौंदर्य ज्या टोकात आहे तेच टोक यंत्राला काढता येत नाही. स्टीलच्या साच्यात असा कोपरा हवा असेल तर टूलरूम तो स्पार्क मशीनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्राने, काढते; पण त्यासाठी पदार्थातून वीज वाहावी लागते, आणि लाकडातून व शिंपल्यातून ती वाहत नाही. मग दोनच मार्ग उरतात. एक, शिंपल्याच्या तुकड्याचे टोक बोथट करून खाचेशी जुळवणे, जे स्वस्त गिटारवर सर्रास केलेले दिसते. दुसरा, शेवटचा एक मिलिमीटर पटाशीने किंवा धारदार सुरीने हाताने कोरणे. सोनाराच्या करवतीचे पाते जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे असल्यामुळे शिंपल्यातील आतले कोपरे ते सहज कापते, ही जुन्या हत्याराची यंत्रावरील मात कोणत्याही जाहिरातीत सांगितली जात नाही.

दुसरी अडचण वक्रतेची आहे. बहुतेक गिटारचा फ्रेटबोर्ड सपाट नसून किंचित बाकदार असतो. ही वक्रता ३०५ मिलिमीटर त्रिज्येची असली आणि तिच्यावर ४० मिलिमीटर रुंदीचा शिंपल्याचा सपाट तुकडा बसवून वरून पृष्ठभाग घासून बाकदार केला, तर मध्याच्या तुलनेत कडेला सुमारे ०.६६ मिलिमीटर शिंपला अधिक झिजतो. शिंपल्याचा पत्रा मुळात दीड मिलिमीटरच्या आसपास असतो; तेव्हा कडेला निम्म्याहून थोडी अधिक जाडी उरते आणि नंतर त्यावर कोरायच्या रेघांना खोली कमी पडते. म्हणून जाणता कारागीर रुंद आकृती अखंड न ठेवता तिचे लहान तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला वक्रतेप्रमाणे किंचित कल देतो. ड्रॅगनच्या २०१ तुकड्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर तुकड्यांची संख्या केवळ मिरवण्यासाठी नसते हेही मान्य करावे लागते.

तिसरी अडचण या पट्ट्यातील अभियंत्याला सर्वांत अनोळखी आहे. धातूचे माप २० अंश सेल्सिअसला घ्यावे असा मापनशास्त्राचा संकेत आहे, कारण धातू उष्णतेने प्रसरण पावतो. लाकूड मात्र मुख्यतः हवेतील दमटपणाने फुगते, तेही तंतूंच्या आडव्या दिशेने; उभ्या दिशेने जवळजवळ नाही. शिंपला फुगतही नाही आणि आकसतही नाही. त्यामुळे श्रावणात अचूक बसलेला तुकडा वैशाखात खाचेच्या कडांचा दाब सोसतो, आणि उन्हाळ्यात घट्ट बसवलेल्या तुकड्याभोवती पावसाळ्यात फट दिसू लागते. गिटार घडवणाऱ्या कार्यशाळा म्हणून हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. मायक्रॉनची भाषा बोलणाऱ्या फिटरला येथे थोडी सूट द्यायला शिकावे लागते, आणि ती सूट किती हे ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. ते लाकडाची जात, त्याचे वय आणि कापाची दिशा यांवर ठरते. उरलेली फट त्याच लाकडाचा बारीक भुसा इपॉक्सीत कालवून भरतात. हे भरण जितके कमी, तितके काम चांगले. एखाद्या गिटारच्या जडावकामाची पारख करायची असल्यास चकाकी न पाहता काळ्या भरणाची रुंदी पाहावी.

चकाकीविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. मोत्याच्या शिंपल्याच्या आतील थर सुमारे अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या पापुद्र्यांचा बनलेला असतो आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून रंग दिसतो. तुकडा फिरवला की रंग बदलतो. एका वेलीची दहा पाने एकाच पत्र्यातून यंत्राने ओळीने कापली तर सारी सारखीच चमकतात आणि वेल निर्जीव दिसते. पानागणिक दिशा बदलण्याचा निर्णय डोळा घेतो. शिंपला कोरडा कापू नये, हे मात्र कोणत्याही निर्णयावर सोडता येणार नाही. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून पाण्याची धार, धूळ ओढणारी नळी आणि मास्क ही तीनही साधने सक्तीची समजली पाहिजेत.

फ्रेटबोर्डच्या लाकडात सह्याद्रीचाही वाटा आहे. ब्राझीलच्या शिसवीची आवक आटल्यावर मार्टिन कंपनी १९६९ मध्ये भारतीय शिसवीकडे वळली, आणि पश्चिम घाटात वाढणारे हे लाकूड जगभरच्या गिटारांच्या पाठीला व फ्रेटबोर्डला लागू लागले. २०१७ पासून शिसवीचा जवळजवळ संपूर्ण वंश संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रण कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि कागदपत्रांविना वाद्य सीमेपार नेणे अवघड झाले; त्याच कराराच्या २०१९ च्या परिषदेत तयार वाद्यांना सवलत मिळाली. लाकूड येथून जावे, त्यावरची वेल दूरदेशी कोरली जावी आणि ते वाद्य पुन्हा पुण्याच्या दुकानात महागात विकत घ्यावे, या व्यवहारावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

येथे पुन्हा या पट्ट्याकडे वळावे लागते. विजेवर चालणाऱ्या वाहनांत इंजिन नसते आणि गिअरचे भागही थोडे असतात. त्यामुळे इंजिनचे सुटे भाग करणाऱ्या लहान शेडना आज ना उद्या नवे काम शोधावे लागेल. गिटारचे जडावकाम त्या साऱ्यांचे पोट भरेल असे सुचवणे हास्यास्पद ठरेल, कारण मागणीनुसार एकेक घडवली जाणारी गिटार मुळातच थोड्यांसाठी असते. परंतु साठच्या दशकात टेल्को या वाहन कंपनीने पिंपरीत वाहनांच्या आधी साचे व यंत्रे घडवणारे विभाग आणि शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण उभे केले, त्या शिस्तीतून तयार झालेला फिटर आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील नक्षीकार यांना एका बाकावर बसवल्यास दोघांनाही जे एकट्याने साधत नाही ते साधेल, एवढे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. खाचेचा तळ व कडा यंत्राने काढाव्यात, टोके हाताने. रेघांची कोरणी मिरजेच्या हाताकडे असावी.

अशा भागीदारीत मालकीचा प्रश्न पहिल्याच दिवशी उपस्थित होईल. भौगोलिक मानांकन मिरजेच्या नावाचे रक्षण करते, एखाद्या वेलीच्या नक्षीचे नाही. २००० च्या अभिकल्प कायद्याखाली नोंदवलेल्या नक्षीला प्रथम १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या नक्षीवरील हक्क मात्र, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १५व्या कलमानुसार, मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा निघाली की संपुष्टात येतो. एकाच गिटारवर हाताने कोरलेली कोयरी या कलमाच्या कक्षेत येत नाही, पण तिचीच फाइल व्हीएमसीवर चढली की येऊ शकते. भोसरीत जॉबवर्कची फाइल मालासोबत पेनड्राइव्हवर देऊन टाकण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती या कामात चालणार नाही. नक्षी कोणाची, फाइल कोणाकडे राहील आणि ती किती वेळा चालवायची, हे ऑर्डरच्या कागदावर दरासोबतच लिहिले गेले पाहिजे, आणि त्या कागदावर नक्षीकाराचीही सही असली पाहिजे.