तांब्याच्या पत्र्यावरचा राजा



कसबा पेठ हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. तिथला गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. पुण्याची गोष्ट आपण बहुधा जिजाबाईंपासून, सोन्याच्या नांगरापासून सुरू करतो. पण या गावाचं नाव त्याच्या साडेआठशे वर्षांहूनही आधी तांब्यावर कोरलं गेलं होतं. कोरून घेणारा होता राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण.

या राजाची बखर नाही, चित्र नाही. इराणात सूसा इथं एलामचे प्राचीन राजे विटा-दगडांवरच्या लेखांतून कळले, तसाच हाही लेखांतूनच कळतो. वेरूळचं कैलास लेणं त्याचं, हेसुद्धा पुढच्या काळातल्या एका ताम्रपटावरून, बडोद्याच्या, समजलं!

पुण्याचा उल्लेख असलेला त्याचा ताम्रपट तळेगाव ढमढेरे इथला. शके ६९०, म्हणजे इ. स. ७६८. राजा गंगांवरच्या स्वारीत, कर्नाटकात मन्ने इथं तळ देऊन होता. सूर्यग्रहणाच्या निमित्तानं त्यानं ब्राह्मणांना गावं दान दिली. ती गावं कुठली? तर ‘पुणक विषया’तली. विषय म्हणजे त्या काळचा मुलखाचा विभाग. विभागाला नाव मिळावं, इतकं पुणं तेव्हा महत्त्वाचं होतं.

आता गावांची नावं ऐका. अरलुव म्हणजे आपली उरुळी. सिंदिग्राम म्हणजे शिंदवणे. सीमा सांगताना थिउरग्राम येतं, ते थेऊर; दाडिमग्राम येतं, ते दाळिंब. उत्तरेला नदी, मुळा. आजचा तलाठी सांगेल, तशीच ही चतुःसीमा!

राष्ट्रकूटांचं राज्य दहाव्या शतकात लयाला गेलं. पण उरुळी आहे, थेऊर आहे. राजाच्या बिरुदांपेक्षा शेतकऱ्याच्या तोंडचं गावाचं नावच अधिक टिकलं.

म्हणून एक विनंती. नांगरताना, पाया खणताना अक्षरं कोरलेला पत्रा निघाला, तर तो घासू नका, मोडीत घालू नका. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचा कायदा १८७८ पासून आहे. पत्रा वितळला, की तांब्याचे चार पैसे येतील. पण एखाद्या गावाचा जन्मदाखला कायमचा जाईल.

आणि गुरुजी, शिवारांची, ओढ्यांची, टेकड्यांची जुनी नावं मुलांकडून म्हाताऱ्यांना विचारून लिहवून घ्या. पुढचा एखादा ताम्रपट वाचताना तीच वही उपयोगी पडेल.