पाईपलाइनचा हिशेब : संगणकाचा आकडा आणि पाईपची भिंत

(चाकण परिसरातील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आज आपलीच मुले संगणकावर प्रवाहाची गणिते करतात. सुटीला घरी आली की भामा, भीमा, इंद्रायणीवरून टाकायच्या पाईपलाइनचा हिशेबही करून देतात. ही चांगली गोष्ट आहे. मात्र या हिशेबात एक चूक हमखास होते. ती माझ्याही हातून झाली, म्हणून आज तीच सांगतो.

खेड तालुक्यातील एका बागायतदारासाठी मी ६०० मीटर लांब, आतून १०० मि.मी. व्यासाच्या जुन्या लोखंडी पाईपचा हिशेब केला. सेकंदाला ८ लिटर पाणी हवे होते. संगणकाने घर्षणाची तूट पावणेसहा मीटर दाखवली. त्यावरून पंप घेतला. ऐन कांदा पोसण्याच्या वेळी शेवटच्या वाफ्यांना पाणी पुरेना. प्रेशर गेज लावून पुन्हा हिशेब केला, तेव्हा ८ लिटरसाठी तूट सुमारे १२ मीटर निघाली. मी पाईपची भिंत गुळगुळीत धरली होती. प्रत्यक्षात आत गंजाचे १ मि.मी. उंचीचे खवले होते.

पाणी कसे वाहते?

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगीत पाणी सोडून दाखवले की, संथ पाणी थराथराने वाहते आणि वेग वाढला की त्यात भोवरे उठतात. त्यांच्या नावाचा अंक सुमारे २,००० च्या आत असेल तर प्रवाह थरांचा राहतो. आपल्या वरील पाईपमध्ये तो सुमारे १ लाख येतो. एवढे सगळे भोवरे संगणक मोजू शकत नाही. म्हणून त्यांचा सरासरी परिणाम नियमाने धरतात. त्यालाच टर्ब्युलन्स मॉडेल म्हणतात.

भिंतीजवळ काय घडते?

भिंतीला चिकटलेले पाणी थांबलेले असते. त्यालगत संथ पाण्याचा पातळ थर असतो. वरील उदाहरणात गुळगुळीत पाईपमध्ये तो केवळ ०.१ मि.मी. भरतो. नव्या पीव्हीसी पाईपचा खरबरीतपणा या थरात झाकला जातो. गंजाचे खवले मात्र थराबाहेर डोके काढतात, पाणी त्यांवर आपटते आणि दाब खर्ची पडतो. निकुराडसे यांनी पाईपला आतून वाळू चिकटवून केलेले याविषयीचे प्रयोग १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

निवड कशी करावी?

१) सरळ पाईपलाइनसाठी मॉडेल लागतच नाही. १९४४ चा मूडी यांचा आलेख पुरेसा आहे.

२) के-एप्सिलॉन मॉडेल वॉल फंक्शनसह वापरल्यास भिंतीलगतच्या पहिल्या चौकटीचा मध्य वाय-प्लस ३० ते ३०० मध्ये ठेवावा. आपल्या उदाहरणात हे अंतर ०.६ ते ६ मि.मी. येते.

३) बाक, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह अशा ठिकाणी प्रवाह भिंत सोडतो. तेथे मेंटर यांचे १९९४ चे के-ओमेगा एसएसटी मॉडेल घ्यावे. भिंतीपर्यंत हिशेब करायचा तर पहिली चौकट ०.०२ मि.मी. इतकी जवळ लागते.

४) जुन्या पाईपसाठी खरबरीतपणाची उंची अवश्य द्यावी. अशा वेळी पहिली चौकट त्या उंचीहून मोठी ठेवावी.

खर्चाचा विचार

गंजामुळे वाढलेली सव्वासहा मीटर तूट भरून काढण्यास, पंपसंचाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास, सुमारे १ किलोवॅट जादा वीज लागते. म्हणजे आठ तासांना आठ युनिट. पैसे वाचवण्यासाठी आतून ७५ मि.मी. व्यासाचा गुळगुळीत पाईप घेतला, तर तूट पावणेसहावरून २२ मीटरच्या पुढे जाते. तेव्हा स्वस्त पाईप महाग पडतो.

शेवटी, संगणकाचा आकडा बांधावर तपासावा. २०० लिटरचे पिंप २५ सेकंदांत भरले तर प्रवाह ८ लिटर समजावा. लाइनच्या दोन्ही टोकांना गेज लावून, चढ वजा करून, तूट काढावी. कर्ज काढून पंप घेण्यापूर्वी आपल्या मुलाला एकच प्रश्न विचारा : "पाईपची भिंत कशी धरलीस?"